बंदूक, जी फक्त बघते

(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



गेल्या महिन्यात आपल्या सेक्रेटरींचा फोन आला. म्हणाल्या, "काका, तुम्ही इतकी वर्षं इथे हार्डवेअरमध्ये काढलीत, सिलिकन व्हॅलीवर काहीतरी बोला." मी म्हटलं, "सिलिकन व्हॅलीवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आमच्या गराजमध्ये पडलेल्या एका पेटाऱ्यावर बोलतो." त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "चालेल, पण अर्ध्या तासात आटपा."

तर हा पेटारा म्हणजे एक आर्केड गेम आहे. नाणं टाकून खेळायचा, पुरुषभर उंचीचा. नाव 'एरिया ५१', साल १९९५. परग्रहावरचे प्राणी नेवाडाच्या वाळवंटातल्या एका गुप्त लष्करी तळावर घुसलेत, आणि आपण हातात पिस्तूल घेऊन त्यांना हुसकावायचं, अशी गोष्ट. सत्तरी गाठलेल्या माणसाला हे कसले खेळ सुचतायत, असं तुमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. आमच्या हिच्या चेहऱ्यावर तर ते गेली सहा वर्षं दिसतंय! पण हा खेळ कसा तयार झाला हे समजून घेताना मी जेवढं शिकलो, तेवढं नोकरीतसुद्धा क्वचित शिकलो असेन.

सुरुवात गिरगावातून करावी लागेल. दिवाळीत आमच्या चाळीतल्या प्रत्येक पोराच्या हातात पत्र्याचं पिस्तूल असायचं. त्यात टिकल्यांचा लाल रोल घालायचा आणि दिवसभर गॅलरीतून एकमेकांवर फटाफट उडवायचं. बोटांना दारूचा वास यायचा. तेच हात धुऊन फराळाला बसायचं. आई एवढंच म्हणायची, "डोळ्याजवळ धरू नकोस." बंदूक म्हणजे वाईट, मुलांच्या हातात देऊ नये, असं कुणाच्या मनातही आलं नाही. कारण खरी बंदूक आम्ही फक्त बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर पाहिली होती.

इथे आल्यावर मात्र मी घरात नियम केला: खेळण्यातली बंदूकसुद्धा नको. या देशात खरी बंदूक शेजारच्या घरातल्या कपाटात असू शकते, आणि खेळण्यातली कुठली नि खरी कुठली हे लांबून कळत नाही. पाण्याची पिचकारी चालेल, पण तीही माशाच्या आकाराची. मुलगा कुरकुरला, पण ऐकलं त्याने.

मग १९९६ साली त्याच्या वर्गातल्या एका मुलाच्या वाढदिवसाला आम्ही एका पिझ्झाच्या दुकानात गेलो. तिथे कोपऱ्यात हा पेटारा उभा! समोर दोन पिस्तुलं, जाड तारेने बांधलेली. सगळी पोरं तिथे. आमचा नऊ वर्षांचा मुलगा माझ्याकडे बघतोय आणि मी पिझ्झाकडे बघतोय. शेवटी तो जवळ आला आणि इंग्रजी-मराठीची खिचडी करत म्हणाला, "बाबा, पण ते माणसं नाहीत. दे आर एलियन्स."

आता यातली गंमत ऐका. त्याच सुमारास आमचं ग्रीन कार्ड आलं होतं, आणि त्या काळच्या कार्डावर ठळक अक्षरांत छापलेलं असायचं, 'रेझिडेंट एलियन'. जुन्या मंडळींना आठवत असेल. ते शब्द १९९७च्या सुमारास बदलून 'पर्मनंट रेझिडेंट' झाले. मुलाने ते कार्ड पाहिलं होतं. क्षणभर थांबून त्याने विचारलं, "बाबा, यू आर अल्सो एलियन, ना?" आसपासचे दोन-तीन पालक हसले. मीही हसलो. पण पन्नास सेंट काढून त्याच्या हातावर ठेवले आणि दुसरं पिस्तूल स्वतः उचललं. म्हटलं, खेळायचंच असेल तर बापाच्या शेजारी उभा राहून खेळ.

तेव्हा मला माहीत नव्हतं, की हा खेळ आपल्या अगदी अंगणातला आहे. अटारी गेम्स ही कंपनी मिल्पिटसमध्ये होती, सिकॅमोर ड्राइव्हवर. आज जिथे आपली अर्धी मंडळी राहतात आणि इडलीचं पीठ आणायला जातात, त्या गावात! खेळ घडवला मेसा लॉजिक नावाच्या छोट्या चमूने, अटारी गेम्ससाठी.

अटारी हे नाव ऐकल्यावर तुम्हाला वाटेल एकच कंपनी. तसं नव्हतं. घराघरांतल्या भाऊबंदकीसारखी तिचीही वाटणी झाली होती. १९८४ साली वॉर्नरने अटारीचा घरगुती खेळांचा आणि संगणकांचा भाग जॅक ट्रॅमील यांना विकला. तो झाला अटारी कॉर्पोरेशन. नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांचा भाग वेगळा राहिला. तो अटारी गेम्स. नाव एक, घरं दोन, चुली वेगळ्या.

धाकट्या घराने, म्हणजे अटारी कॉर्पोरेशनने, नोव्हेंबर १९९३मध्ये जॅग्वार नावाचं घरगुती यंत्र बाजारात आणलं. त्याच्या आत दोन खास चिप्स होत्या. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या फ्लेअर टेक्नॉलॉजी या मंडळींनी त्या घडवल्या आणि त्यांना नावं दिली टॉम आणि जेरी! टॉम चित्रं सांभाळायचा, जेरी आवाज. अभियांत्रिकीच्या दृष्टीने फार हुशार काम. पण बाजार हुशारीवर चालत नाही. त्यासाठी चांगले खेळ पुरेसे निघाले नाहीत, पुढे प्लेस्टेशन आलं, आणि जॅग्वार अडीच लाखही खपलं नाही. १९९६पर्यंत त्याचा कारभार आटोपला.

हरलेल्या यंत्राचं पुढे काय होतं? बहुतेक वेळा रद्दीत जातं. पण वेगळ्या चुलीवरच्या भावाने, अटारी गेम्सने, त्याच टॉम-जेरीला उचलून आर्केडच्या पेटाऱ्यात बसवलं. मूळचा मुख्य प्रोसेसर काढून अधिक ताकदीचा घातला आणि शेजारी एक हार्ड डिस्क जोडली. या जोडणीला म्हणायचे कोजॅग, म्हणजे कॉइनवाला जॅग्वार. घरच्या जॅग्वारचं कार्ट्रिज फार तर ६ मेगाबाइटचं. हार्ड डिस्क म्हणजे त्याच्या शंभरहून अधिक पट जागा. आपल्याकडे एखादा मुलगा शाळेत नापास होतो आणि मामाच्या कारखान्यात गेल्यावर सगळ्यांना मागे टाकतो ना, तशातला प्रकार. चिप तीच, तिला योग्य सोबत मिळाली.

ही हार्ड डिस्क कशाला हवी होती? तर चित्रपटासाठी. त्या काळात अशा खेळांत दोन रस्ते होते. सेगाने १९९४ साली 'व्हर्च्युआ कॉप' काढला. त्यात संगणक दर क्षणी त्रिमिती आकृत्या जागच्या जागी काढायचा. ते यंत्र महाग, आणि आकृत्या दिसायच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांसारख्या. 'एरिया ५१'च्या मंडळींनी दुसरा रस्ता धरला. विमानांचे हँगर, बोळ, गोदामं ही सगळी पार्श्वभूमी आधीच संगणकावर निवांतपणे रंगवून तिचा चित्रपट करून ठेवायचा. यंत्राने तो हार्ड डिस्कवरून फक्त वाचत जायचं आणि दाखवत जायचं. त्याच्यावर मग शत्रूंच्या सपाट आकृत्या चिकटवायच्या. दशावतारी नाटकातला पडदा आणि पुढे नाचणारी पात्रं, असंच म्हणा. फक्त पडदा स्वतःच चालतोय.

पण आधी तयार करून ठेवलेल्या चित्रपटाची एक अडचण असते. त्यात तुम्हाला हवं तिकडे वळता येत नाही! कॅमेरा जिथे गेलाय तिथेच तुम्ही जाणार. खेळणाऱ्याला हे जाणवलं की रस संपला. मग युक्ती काय? त्याला विचार करायला वेळच द्यायचा नाही. दार उघडलं की तीन जण अंगावर, वळलं की वरच्या कठड्यावरून दोघं. डोळे सतत कामात. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला माणूस खिडकीबाहेरचं दृश्य बघत नाही, तसं. आपण रुळांवरून चाललोय हे शेवटपर्यंत कळत नाही. त्यात नाण्याचा हिशोब. दुकानदाराला वाटतं गिऱ्हाइकाने लवकर मरावं, गिऱ्हाइकाला वाटतं पैसे वसूल व्हावेत. दोघांनाही नाराज न करता काही मिनिटांत खेळ संपवायचा आणि "आणखी एकदा" म्हणायला लावायचं, हे शास्त्र आहे बरं का! आपल्या कीर्तनकारांना ते ठाऊक होतं. आख्यान रंगात आलं की मध्येच थाळी फिरवायची.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पिस्तुलाकडे.

मी त्या दिवशी दुकानात चाप ओढला आणि पडद्यावर बरोबर तिथेच काच फुटली. मी इंजिनिअर माणूस. मला प्रश्न पडला, या पिस्तुलातून बाहेर काय गेलं? पुढे पेटारा घरी आल्यावर ते उघडून पाहिलं. आत एक छोटं भिंग, त्याच्या मागे प्रकाश ओळखणारा एक इवलासा डायोड, आणि चापाखाली एक स्विच. बस्स. त्यातून काहीच बाहेर जात नाही. उलट पडद्यावरचा प्रकाश आत येतो. म्हणजे ही बंदूक गोळी झाडत नाही. ती बघते.

पूर्वी असं नव्हतं. १९३६ साली सीबर्ग कंपनीने एक यंत्र काढलं होतं, त्यात बंदुकीतून खरोखर प्रकाशाचा झोत निघायचा आणि पत्र्याच्या बदकावरच्या फोटोसेलवर पडायचा. तिथे लक्ष्याला डोळा होता. पुढे तो डोळा बंदुकीत आला. कधी, कशासाठी? ऐकून आश्चर्य वाटेल: विमानांसाठी. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत व्हर्लविंड नावाच्या संगणकावर काम चालू होतं. रडारवर दिसणारं विमान पडद्यावर ठिपका म्हणून उमटायचं. "या ठिपक्याबद्दल सांग" हे संगणकाला कसं कळवायचं? माऊस तर नव्हता. मग प्रकाश ओळखणारं एक उपकरण ठिपक्यावर धरायचं आणि चाप दाबायचा. पुढे अमेरिकेच्या हवाई संरक्षणाची 'सेज' नावाची प्रचंड व्यवस्था १९५८पासून कामाला लागली. तिथल्या अंधाऱ्या खोल्यांत बसलेले हवाई दलाचे लोक हातात हीच पिस्तुलासारखी लाइट गन घेऊन ठिपके निवडायचे. हल्ला करणारं रशियन बॉम्बर की आपलंच वाट चुकलेलं प्रवासी विमान, हे त्यांनी ठरवायचं. बंदूक एवढंच सांगायची, की ठिपका इथे आहे.

हे "इथे" तिला कळतं कसं? चाळीच्या भाषेत सांगतो. समजा एक २६२ मजल्यांची चाळ आहे. रात्र आहे, दिवे गेलेत. एक माणूस कंदील घेऊन सगळ्यात वरच्या गॅलरीतून डावीकडून उजवीकडे पळत जातो, मग खालच्या गॅलरीत, मग त्याच्या खालच्या, असं तळमजल्यापर्यंत. तुम्ही समोरच्या इमारतीत उभे आहात, डोळ्याला चुलीची फुंकणी लावून, आणि फुंकणीतून तुम्हाला फक्त एकच खिडकी दिसते. कंदील त्या खिडकीसमोरून गेला की तुम्ही ओरडायचं, "आला!" तुमच्या शेजारी घड्याळ घेऊन कुणी बसला असेल तर तो लगेच सांगेल, की कंदील निघून इतका वेळ झाला, म्हणजे एकशे अडुसष्टावा मजला, डावीकडून नववी खोली.

जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब म्हणजे हीच चाळ. कंदील म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत. फरक एवढाच, की हा गडी सगळी चाळ एका सेकंदात साठ वेळा पालथी घालतो. एका ओळीला लागणारा वेळ म्हणजे सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले साधारण चौसष्ट. आणि त्या ओळीतल्या एका बिंदूच्या वाट्याला येतो, तशा एका भागाचा सहावा-सातवा हिस्सा. घड्याळ एवढं अचूक असेल तर नेम कळतो. आता प्रसंग अंधाऱ्या बोळातला असेल तर पडदाही काळा; कंदील दिसणार कसा? म्हणून अशा खेळांत चाप ओढताच पडदा क्षणभर पांढरा केला जातो. आपल्याला वाटतं बंदुकीचा उजेड चमकला. खरं तर यंत्र बंदुकीला म्हणत असतं, "बघ आता नीट!" अडचणच शोभा म्हणून वापरली. याला म्हणतात इंजिनिअरिंग.

सगळेच हे करत नसत. शिकागोच्या मिडवे कंपनीने १९९१ साली 'टर्मिनेटर २'चा खेळ काढला होता. त्यातल्या दणदणीत बंदुका पेटाऱ्यालाच बसवलेल्या, जागच्या जागी वळणाऱ्या. त्यांना डोळा नव्हता; किती वळवली हे आतला व्हॉल्यूमच्या बटणासारखा भाग सांगायचा. तेही चालतं. पण पिस्तूल हातात मोकळं असण्याची जी मजा, ती डोळ्यावाल्या बंदुकीतच.

आता मंडळी, एरिया ५१ या जागेबद्दल दोन शब्द. ती खरी आहे. लास व्हेगासच्या उत्तरेला ग्रूम लेक नावाचं कोरडं तळं आहे, तिथे १९५५ साली यू-२ या हेरगिरीच्या विमानाच्या चाचण्या सुरू झाल्या. ते विमान इतक्या उंचावरून उडायचं, की खाली अंधार पडल्यावरही त्याच्यावर ऊन चमकायचं, आणि लोक कळवायचे, आकाशात काहीतरी अजब दिसलं! सरकार खरं कारण सांगू शकत नव्हतं. सरकार गप्प, म्हणून लोकांनी रिकामी जागा स्वतः भरली. उडत्या तबकड्या, कोठडीत ठेवलेले परग्रहवासी, काय नि काय. १९९३मध्ये टीव्हीवर 'एक्स-फाइल्स' सुरू झाली आणि हे सगळं घरोघरी पोचलं. खेळ आला १९९५मध्ये. पुढच्या वर्षी नेवाडाने जवळच्या ३७५ क्रमांकाच्या रस्त्याला चक्क 'एक्स्ट्राटेरेस्ट्रियल हायवे' असं नाव दिलं. त्या तळाचं नाव घेऊन सीआयएने कागदपत्रं उघड केली ती २०१३ साली. म्हणजे ज्या जागेबद्दल सरकार बोलत नव्हतं, तिच्या नावाचा पेटारा अठरा वर्षं आधी पिझ्झाच्या दुकानात उभा होता. आणि गंमत बघा, शीतयुद्धात आकाशातले ठिपके ओळखण्यासाठी जन्मलेली लाइट गन शीतयुद्धातल्याच गुप्त तळाच्या खेळात शिरली.

पण हे शत्रू परग्रहावरचेच का घेतले असतील? डिसेंबर १९९३मध्ये वॉशिंग्टनला सिनेटमध्ये व्हिडिओ गेममधल्या हिंसेवर सुनावणी झाली. सिनेटर जोसेफ लीबरमन आणि हर्ब कोल यांनी ती चालवली. त्यात कोनामीच्या 'लीथल एन्फोर्सर्स' या खेळाचं प्लॅस्टिकचं रिव्हॉल्व्हर दाखवलं गेलं. त्या खेळात पडद्यावर खऱ्या माणसांचे फोटो असायचे आणि त्यांच्यावर नेम धरायचा. त्यानंतर १९९४ साली घरगुती खेळांवर वयाप्रमाणे शिक्के आले आणि आर्केड यंत्रांसाठी हिरव्या-पिवळ्या-लाल चिठ्ठ्यांची पद्धत आली. मेसा लॉजिकच्या लोकांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकणार नाही, पण बाप म्हणून माझा अनुभव सांगतो. समोर परग्रहवासी आणि झाँबी आहेत म्हटल्यावर माझा विरोध पिझ्झातल्या चीजसारखा वितळला. समोर माणूस असता तर मी पन्नास सेंट काढले नसते. आणि तिथेच मला अडखळायला हवं होतं. कारण कुणालाही 'माणूस नाही' म्हटलं की चाप ओढणं सोपं होतं. माझ्या खिशातल्या कार्डावर मला काय म्हटलं होतं ते आठवा!

या खेळाचा एक नियम मला फार आवडतो. तुमच्या बरोबर 'स्टार' नावाच्या तुकडीचे साथीदार असतात. ते मध्येच समोर येतात. घाईत त्यांच्यावर चाप ओढलात तर शिक्षा तुम्हाला. एक जीव कमी. म्हणजे सगळ्यात वेगवान तो जिंकत नाही. बघून, ओळखून मग दाबणारा जिंकतो. मी त्या दिवशी तीन डॉलर घालवले ते सगळे साथीदारांवर. मुलगा वैतागून म्हणाला, "बाबा, आधी बघ ना!"

आणि एक दडवलेली वाट आहे. ती मुलाला शाळेतल्या मित्रांनी सांगितली. सुरुवातीला दुसरं काहीही न टिपता आपल्याच तुकडीतल्या पहिल्या तिघांवर गोळ्या झाडायच्या. मी ओरडलो, "अरे, हे काय करतोस?" तो म्हणाला, "थांब ना." आणि खेळ बदलला! तुम्ही माणूस राहत नाही. तुम्ही होता क्रॉन, म्हणजे त्या परग्रहवाशांपैकी एक, आणि तोच तळ त्याच्या डोळ्यांनी बघत निघता. खेळ घडवणाऱ्यांनी गंमत म्हणून ही वाट ठेवली असेल. पण नऊ वर्षांचं पोर गाडीत बसल्यावर म्हणालं, "त्यांच्या साइडने आपण बॅड गाईज." मी गप्प गाडी चालवत राहिलो.

माझ्याकडे या विषयाचं सोपं उत्तर नाही. एप्रिल १९९९मध्ये कोलंबाइनच्या शाळेत मुलांनी मुलांना मारलं, तेव्हा असल्या खेळांकडे बोट दाखवलं गेलं. त्या आठवड्यात मी मुलाला आर्केडला नेणं बंद केलं. तो तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याने विचारलं, "तू लहानपणी टिकल्या उडवायचास, मग तू का नाही कुणाला मारलंस?" मी म्हटलं, "कारण आमच्या चाळीत कुणाच्या कपाटात खरी बंदूक नव्हती." ते उत्तर त्याला पटलं की नाही, माहीत नाही. मला मात्र अजून तेच खरं वाटतं. खेळ दोषी आहे असं मला वाटत नाही, आणि खेळाचा काहीच संबंध नाही असंही म्हणवत नाही. मुलाच्या शेजारी दुसरं पिस्तूल धरून उभं राहणं, हरणं, आणि परत येताना गाडीत बोलणं, एवढंच आपल्या हातात होतं. ते मी मध्येच सोडलं, याचं वाईट वाटतं.

असो. निवृत्त झाल्यावर मी एका माणसाच्या अंगणातून हाच पेटारा आणला. चालत नव्हता. अटारी गेम्स कधीच गेली. १९९६ साली शिकागोच्या डब्ल्यूएमएसने ती घेतली, पुढे तिचं नाव मिडवे गेम्स वेस्ट झालं, आणि २००३ साली दार बंद झालं. सुटे भाग कुणाकडे मागणार? पाहिलं तर मुख्य आजार हार्ड डिस्कचा. पंचवीस-तीस वर्षं फिरणारी तबकडी. कधी तरी थांबणारच. ती थांबली की हँगर गेले, बोळ गेले, सगळा चित्रपट गेला. जुन्या यंत्रांची आवड असलेल्या लोकांनी चांगल्या डिस्कवरचा मजकूर वेळीच उतरवून ठेवला नसता, तर हा खेळ कायमचा संपला असता. आता कॅमेऱ्यात घालतो त्या कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डावर तो मजकूर भरून डिस्कच्या जागी बसवतात. मुलगा, आता अडतिशीचा, सुट्टीत आला होता. आम्ही दोघांनी गराजमध्ये बसून ते केलं.

पडदा मात्र तसा बदलता येत नाही. आजच्या एलसीडी टीव्हीवर ही बंदूक आंधळी आहे. तिथे गॅलरीतून पळणारा कंदीलच नाही. सगळ्या खोल्यांतले दिवे मागून लागलेले. तुम्ही फुंकणी लावून कितीही बघा, "आला" म्हणायची वेळ येतच नाही. म्हणून आमच्या गराजमध्ये ती जुनी, बोजड पिक्चर ट्यूब जपून ठेवलीय. तशा ट्यूब आता कुणी बनवत नाही. ती गेली की खेळाची चित्रं राहतील, आवाज राहील, पण ही बंदूक जशी बघायची तसं बघणं संपेल. आणि हो, घरी कुणी प्रयोग करणार असेल तर सांगतो, त्या ट्यूबच्या मागे हजारो व्होल्ट असतात. यंत्र बंद केल्यावरसुद्धा. माहितगार माणूस असल्याशिवाय हात घालू नका.

गेल्या दिवाळीत नात आली होती. सात वर्षांची. तिच्या आईबाबांनी घरात तोच नियम केलाय, जो मी केला होता. तिने पेटारा पाहिला, पिस्तूल पाहिलं, आणि बापाकडे बघितलं. बापाने माझ्याकडे बघितलं. मी दुसरं पिस्तूल उचलून बाजूला उभा राहिलो. म्हटलं, "चल, आधी एक गोष्ट सांगतो. ही बंदूक काही झाडत नाही. ही फक्त बघते, आणि कुठे ते सांगते. समोर कोण आहे हे तिला कळत नाही. ते तू बघायचं."

तिने पिस्तूल दोन्ही हातांनी धरलं. पहिलं दार उघडलं, समोर कुणीतरी आलं. तिने चाप ओढला नाही. वळून मला विचारलं, "आजोबा, हा आपला आहे का?"

त्या प्रश्नाच्या नादात आम्ही दोघंही मेलो आणि खेळ संपला. आणखी एक नाणं टाकलं.

बटाटेवडे गार होतायत.